फळीवर एका टायमाला एकच

“तुझं डोकं गेलंय, बाजी! आईच्याच वाटंनं चाललायस तू. आन् आमी काय तुझ्या भरवशावर काठावर बसून ऱ्हायाचं व्हय?”

हरिबाकाका धक्क्यावर उभा राहून ओरडत होता. आमचे तात्या लाँचच्या पुढच्या टोकाला, ओला दोर हातात धरून, खाली पाण्याकडे बघत होते. मागं बाया पिशव्या घेऊन उभ्या, शिर्क्याची दोन करडं ओरडतायत, आणि हा माणूस माझ्या बापाला सगळ्यांसमोर येडा म्हणतोय.

“काका, तोंड सांभाळून बोल,” मी म्हटलं.

“तू गप रं! शाळा सोडून बोटीत लोळणारा तू, मला शिकवतूस?”

मग मी दोराचं दुसरं टोक उचललं आणि त्याच्या पायाशी आपटलं. चिखलाचं पाणी त्याच्या इस्त्रीच्या पँटीवर गुडघ्यापर्यंत उडालं.

“धीरज,” तात्या म्हणले. “दोर गुंडाळ.”

बास, एवढंच. माझं नाव धीरज ठेवणाऱ्याला सगळं खोरं हसतं, ते सोडा. पण त्या दिवशी तात्यांनी माझ्यावर ओरडायला पाहिजे होतं, नाहीतर हरिबाकाकावर तरी. ते कुणावरच ओरडले नाहीत.

मी तेव्हा पंधराचा. आता एकोणीस चालूय. आमचं गाव धरणाच्या पाण्याच्या पार आतल्या अंगाला. रस्ता नाही. पाच वाड्या, आणि पाचांत मिळून एक लाँच. सकाळी तांबडगावच्या बाजाराला जायची, दुपारी परत. गॅसची टाकी, खताची पोती, नवरी, आजारी माणूस, बकरं, सगळं त्याच लाँचनं. तात्या मिसरूड फुटायच्या आधीपासून तिच्यावर. लाँच काठाला लागली की एक लाकडी फळी टाकायची, तिच्यावरनं माणसं चढा-उतरायची. फळी अरुंद. त्यामुळं तात्यांचं दिवसभर एकच पालुपद, “फळीवर एका टायमाला एकच! ए बाई, थांब की, त्याला उतरू दे!” आमच्या खोऱ्यातली बारकी पोरं खेळतानासुद्धा तेच ओरडतात.

आता हरिबाकाका का पेटलेला, ते सांगतो. त्याची म्हातारी, सरूआजी, हिच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलेलं. तांबडगावात डॉक्टर येणार होते. त्यांच्या वाडीला, खांबटाकीला, लाँच रोज थांबत नाही, आडबाजूला आहे. कुणी निरोप दिला तरच वळवायची. हरिबाकाकानं आदल्या दिवशी टेकाडावर चढून, रेंज पकडून, लाँचच्या अ‍ॅपवर निरोप टाकलेला: ‘सकाळी थांबणे, आई येणार.’ त्याच्या फोनवर ‘निरोप पोचला’ असं हिरव्या अक्षरात आलेलं. म्हातारी धुक्यात, कानाला फडकं बांधून धक्क्यावर उभी. आणि लाँच मधल्या पाण्यानं सरळ निघून गेली. तिनं पदर हलवला म्हणे. धुक्यात कुणाला दिसणार?

तात्यांच्या फोनमध्ये तो निरोप नव्हताच.

आणि ही काय पहिली वेळ नव्हती. दिवाळीपासनं असं चाललेलं. कुणाची टाकी राहिली, कुणाची बीपीची गोळी राहिली. प्रत्येक वेळी समोरच्याच्या फोनवर ‘पोचला’, आणि तात्यांच्या फोनवर काहीच नाही. लोक म्हणायला लागले, बाजीरावानं बघितलं आणि पुसलं असणार. नाहीतर बघितलं आणि विसरला.

“सोमवारी मिटिंग लावतूय,” हरिबाकाका पँट झटकत म्हणाला. “लाँच पाच वाड्यांची हाय, कुणाच्या बापाची न्हाय. दुसरा ड्रायव्हर बघू.”

“बघा,” तात्या म्हणले. “बरोबरच हाय तुमचं.”

मला वाटलं उडी मारावी पाण्यात.

---

घरी आल्यावर मी आईला म्हटलं, “तात्या भांडत का नाहीत?”

आई चुलीपुढं होती. तिनं नुसतं मोरीकडं बघितलं. तात्या तिथं उभे होते. नळ बंद केला, दोन पावलं आले, परत गेले, परत नळ दाबून बघितला. मग गॅसचं बटण बघितलं, आणि सकाळपासनं गॅस लावलाच नव्हता.

“तुझी आज्जी अशीच सुरू झालेली,” आई हळू म्हणली.

आज्जी मला आठवते. शेवटी शेवटी तात्या तिला भरवायला बसले की ती घास तोंडात धरून विचारायची, “तू कुणाचा रं? चांगला हायस. तुझ्या आईला सांग, पोरगं गुणाचं हाय म्हणून.” तात्या म्हणायचे, “सांगतो.” आणि पुढचा घास.

म्हणजे हरिबाकाकानं कुठं बोट घातलेलं ते तुम्हाला कळलं असेल.

अजून एक होतं. त्या महिन्यात तात्या स्टेअरिंगवर बसून सारखं काहीतरी पुटपुटायचे. ओठ हलायचे, इंजिनच्या आवाजात ऐकू काही यायचं नाही. आई म्हणायची, जप करतात, देवाचं नाव घेतलेलं बरं. मला राग यायचा. माणसं तोंडावर बोलतायत आणि हे जप करत बसलेत.

मी टेकाडावर चढलो आणि रेवाताईला फोन लावला.

रेवाताई म्हणजे माझ्या आत्याची मुलगी, रेवती. पुण्याला कॉम्प्युटरचं कॉलेज करायची. ते अ‍ॅप तिनंच बनवलेलं, आमच्यासाठी, फुकट. आधी काय होतं, तर तांबडगावच्या धक्क्यावर एक काळा फळा होता. लोक त्याच्यावर खडूनं लिहायचे, पाऊस आला की गेलं. ती सुट्टीला आली, फळा बघितला, म्हणाली मामा, मी फोनवर करून देते. आणि दिलं.

“तुझ्या अ‍ॅपमुळं माझ्या बापाच्या हातातनं लाँच चाललीय,” मी म्हटलं.

“आधी नमस्कार तरी घाल,” ती म्हणाली.

“नमस्कार. निरोप खातंय तुझं अ‍ॅप.”

“नाही खात, धीऱ्या. मी किती वेळा तपासलंय. सर्व्हरवर दिसतंय मला, लाँचच्या फोननं प्रत्येक निरोप घेतलाय. मामांचं बोट लागून पुसला जात असेल.”

“पुसायचं बटणच नाहीये त्यात! तूच नाही ठेवलंस!”

तिकडं तिच्या बोटांची टकटक ऐकू आली. मग म्हणाली, “शनिवारी येते.”

---

आली. पाठीवर लॅपटॉपची सॅक, पायात पांढरे बूट, आणि तांबडगावच्या धक्क्यावरचा लाल चिखल. सॅक लाँचवर ठेवायला तिनं फळीवर पाय ठेवला तर तात्या सवयीनं ओरडले, “एका टायमाला एकच!” आणि मागं कुणीच नव्हतं. ती हसली. तात्यापण हसले जरासे. दिवाळीनंतर पहिल्यांदा.

मग त्याच धक्क्यावर, जिथं फोनला सगळ्या काड्या असतात, तिथं ती बाकड्यावर बसली आणि स्वतःच्या फोनवरनं निरोप टाकत सुटली. ‘टाकी आणणे.’ ‘बकरी येणार.’ ‘धीऱ्याला अक्कल आणणे.’ सगळे टिंग टिंग करत तात्यांच्या फोनवर आले. एकही हरवला नाही.

तात्या सगळं बघत होते. मग फोन प्लास्टिकच्या पिशवीत घातला, पिशवीला गाठ मारली, आणि स्टेअरिंगच्या खिळ्याला अडकवली.

“बघ,” ते मला म्हणले, अगदी मायेनं. “मशिनीचा काय दोष न्हाय. पोरीला उगं ताप दिलास.”

ते आवाज न चढवता बोलले ना, त्यानंच माझं टाळकं सटकलं. मी रेवाताईवर फिरलो.

“तुझं अ‍ॅप तिथं चालतंय जिथं त्याची गरजच नाय! इथं हाक मारली तरी ऐकू येतंय माणसाला! आत ये ना, पाण्यावर ये!”

“ओरडू नकोस.”

“ओरडणार!”

“बरं, ओरड,” ती म्हणाली. “पण उद्या सकाळी मला लाँचवर तुझ्या शेजारी जागा धर. मला बोट लागते, उलटी झाली तर तुझ्या अंगावर करीन.”

---

आमच्या पाण्यात रेंजची एकच जागा. त्याला आम्ही घोडावळण म्हणतो. डोंगराचं एक नाक पाण्यात घुसलंय, ते ओलांडलं की पलीकडचा टॉवर समोर येतो. तोवर सगळे फोन मेलेले. नाक ओलांडलं की लाँचभर एकदम टिंग, टुंग, किणकिण. कुणाचा व्हिडिओ, कुणाच्या जावयाचा मिस्ड कॉल. जरा वेळ चालतं, आणि पुढच्या डोंगराआड गेलं की परत गप्प. बायका म्हणतात, घोडावळणावर देव बोलतो.

रविवारी सकाळी आम्ही तात्यांच्या मागं बसलो. रेवाताई तोंडात लवंग धरून, डोळे बारीक करून. नाक ओलांडलं. लाँच किणकिणली.

तात्यांनी एका हातानं स्टेअरिंग धरलं, दुसऱ्यानं पिशवीची गाठ सोडली, फोन काढला, अंगठा शर्टाला पुसला. आणि दाबायला लागले. आदल्या दिवशीचे सगळे निरोप होते ना, टाकी पोचवली, गोळ्या पोचवल्या, त्या प्रत्येकापुढं ‘झालं’ असं बटण. झालं. झालं. झालं. दाणे टिपावेत तसं.

मी फोनकडंच बघत होतो. माझं एक आहे, अभ्यासाला बसवलं तर मला ओळ दिसत नाही, पण पाण्यात मासा फिरला तर आधी मला दिसतो. यादीच्या खाली एक नवी ओळ आली. ‘वाघळी’ एवढं मी वाचलं. तात्यांचा अंगठा ‘झालं’वर पडला. ओळ गेली.

“दिसलं!” मी ओरडलो. “आलं आन् गेलं! वाघळीचं काहीतरी!”

“मला नाही दिसलं,” रेवाताई म्हणाली.

“मी काय खोटं बोलतोय?”

“मी असं म्हटलं का?”

आणि तात्यांनी इंजिन बंद केलं.

मधल्या पाण्यात तात्या इंजिन कधीच बंद करत नाहीत. लाँच तशीच तरंगायला लागली. मागनं एक बाई म्हणाली, काय झालं वो? तात्यांनी मान वळवली नाही. मला विचारलं, “तुला दिसलं?”

“व्हय.”

“खालच्या अंगाला? आलं आन् लगी गेलं?”

“व्हय तात्या.”

त्यांनी फोन परत पिशवीत घातला आणि गाठ मारली.

“मला बी दिसतं तसं,” ते म्हणले. “दिवाळीपासनं. नाव दिसतं, वाचतो न वाचतो तोवर न्हाय. परत बघितलं तर काय बी न्हाय. आई नव्हती का म्हणत, दारात कोण हाय बग, आन् दारात कुणी नसायचं? मला वाटलं, आपलं बी तसंच सुरू झालं.”

“मग सांगितलं का नाही?” मी म्हटलं.

“काय सांगू? मला नसलेली नावं दिसत्यात म्हणून?”

रेवाताईनं तोंडातली लवंग काढली. तिचा चेहरा उतरलेला, आणि ते बोटीमुळं नव्हतं.

“मामा,” ती म्हणाली, “सामान खाली उतरवलं की तिथंच ‘झालं’ दाबायचं, असं मी सांगितलेलं ना? तुम्ही सगळं इथं येऊन का दाबता?”

“तितं रेंज कुटं हाय, बाळ?”

“रेंज नसली तरी चालतं. फोन लक्षात ठेवतो आणि रेंज आली की पाठवतो.”

“ते तू सांगितलंस. पण माझ्या मनाला पटंना.” तात्या जरा ओशाळले. “ह्या लाँचवर पूर्वी टपालाची पिशवी यायची. माझ्या उमेदीत ती मीच न्यायचो. पोस्टमास्तरांचा नियम हुता, पिशवी हातातनं हातात. घ्यायला माणूस नसंल तर मोकळ्या धक्क्यावर ठिवायची न्हाय, परत आणायची. आता तू म्हणतीस, रेंज नसताना दाबा. म्हंजी मोकळ्या धक्क्यावर पिशवी ठिवल्यावानी न्हाय का ते? म्हणून मी समदं राखून ठिवतो, आन् हितं रेंज समोर आली, की तिच्या हातात देतो.”

रेवाताईनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

“काय चुकलं का माझं?” तात्या घाबरले.

“नाही हो मामा. माझं चुकलं. मी तुम्हाला विचारलंच नाही तुम्ही कसं काम करता ते.”

---

इंजिन परत सुरू झाल्यावर तिनं मला सांगितलं ते असं. मी नववी नापास, मला कळलं म्हणजे कुणालाही कळेल.

“तांबडगावचा काळा फळा आठवतो?” ती म्हणाली. “समज, त्याच्यावर निरोपांची यादी आहे. तुला त्यात एक निरोप वाढवायचाय. तू फळ्यावरची यादी कागदावर उतरवून घेतोस, खाली नवा निरोप लिहितोस, मग फळा पुसून कागदावरचं सगळं परत लिहितोस. ठीक?”

“येड्यासारखं आहे, पण ठीक.”

“त्याच वेळी मामांना एका निरोपापुढं ‘झालं’ची खूण करायचीय. तेही तीच यादी कागदावर घेतात. तुझा नवा निरोप अजून फळ्यावर नाहीये, म्हणून तो त्यांच्या कागदावर नाही. ते खूण करतात. तेवढ्यात तू फळा पुसून तुझी यादी लिहिलीस, नवा निरोप दिसला. मग मामा आले, त्यांनी फळा पुसला आणि त्यांच्या कागदावरची यादी लिहिली. आता?”

“माझा निरोप गेला.”

“गेला. दोघांनीही चूक केलेली नाही. फक्त एकाच वेळी आले. फोनमध्ये तेच होतंय. एक हात सर्व्हरवरनं आलेलं लिहितोय, दुसरा हात मामांचं ‘झालं’ लिहितोय. पुण्यात कधीच झालं नाही, कारण तिथं नेट दिवसभर थेंब थेंब येतं. इथं सगळं एका वळणावर, एकदम. येणारंही आणि जाणारंही.”

“आणि ते ‘पोचला’?”

“फोनच्या दारात आला, की तो ‘पोचला’ म्हणून मोकळा. आत नीट ठेवला की नाही, बघतच नाही. ती पण माझीच घाई.”

“मग करायचं काय?”

ती काही बोलणार तेवढ्यात लाँच वाघळीला लागली, मी फळी टाकली, आणि तात्या ओरडले, “एका टायमाला एकच! पयलं उतरू द्या, मग चढा!”

रेवाताईनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं. दोघंही खो खो हसायला लागलो, आणि करडू घेऊन उतरणारी शिर्क्याची म्हातारी म्हणाली, “माझ्या लुगड्याला हसतायसा का रं?”

परतीच्या वाटेवर घोडावळणाला रेवाताईनं तात्यांच्या खांद्यावरनं तिच्या फोननं व्हिडिओ घेतला. मग तो अगदी हळू चालवून बघितला. ओळ आली. स्पष्ट. ‘हरिबा, खांबटाकी. सोमवारी मिटिंगला यायचे आहे. थांबणे.’ अंगठा पडला. ओळ गेली.

तात्यांनी तो व्हिडिओ परत बघितला. परत बघितला. चष्मा काढून पुसला, आणि परत.

“हे खरंच हुतं,” ते म्हणले. विचारत नव्हते. आणि वाकून धरणाचं पाणी ओंजळीत घेऊन तोंडावर मारलं, बराच वेळ मारत राहिले. मी दुसरीकडं बघितलं.

दुपारभर रेवाताई आमच्या अंगणात लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली. आईनं तिला नाचणीची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा दिला, ती नाक पुसत पुसत टायपायची. यादी अख्खी पुसून लिहायची नाही, ज्याची त्याची ओळ तेवढीच बदलायची. आणि कुणीही लिहायला आलं तरी रांगेत. आधीच्याचं पूर्ण झालं की मग पुढचा. आत नीट बसल्याशिवाय ‘पोचला’ म्हणायचं नाही. त्या रांगेला कोडमध्ये काहीतरी नाव द्यावं लागतं म्हणे. तिनं ‘फळी’ ठेवलं.

---

सोमवारी मिटिंगला सगळं खोरं लाँचवर. खांबटाकीच्या अलीकडं तात्यांनी स्टेअरिंग वळवलं. फोनच्या यादीत खांबटाकी नव्हतीच, ती ओळ आदल्या दिवशीच गेलेली. पण ते वळले.

हरिबाकाका सरूआजीला धरून उभा होता. म्हातारीला घरी एकटी कशी ठेवणार. मी फळी टाकली. तो माझ्याकडं न बघता चढला.

घोडावळणाच्या अलीकडं रेवाताई उभी राहिली. मी मागनं तिची सॅक धरून ठेवलेली.

“काका,” ती म्हणाली, “हा व्हिडिओ बघा. हा तुमचा निरोप ना? आला, आणि गेला. तुमची आई थांबली त्या दिवशीही असंच झालं. अ‍ॅप मी बनवलंय. चूक माझी आहे. मामांनी एकही निरोप विसरलेला नाही.”

हरिबाकाकानं बघितलं. शेजारच्यानं बघितलं. फोन हातोहात अख्ख्या लाँचभर फिरला, आणि सरूआजी म्हणाली, “मला काय दाखवताय, मला दिसतंय व्हय?” त्यावर सगळे हसले, हरिबाकाका सोडून.

“मग आज थांबला कसा?” तो म्हणाला. “निरोप गेला हुता तर?”

तात्या समोर बघत म्हणले, “मला दिसला हुता.”

नाक ओलांडलं. लाँच किणकिणली. रेवाताईनं आधीच सांगून ठेवलेलं, की रेंज आली रे आली, सगळ्यांनी एकदम निरोप टाका. चाळीसभर माणसांची बोटं फोनवर. आणि तात्यांनी अंगठा शर्टाला पुसला. झालं. झालं. झालं. खाली ओळी यायला लागल्या. एक, आणखी एक, आणखी. एकही गेली नाही. यादी पार खाली खाली वाढत गेली, आणि तात्या एकेक ओळ मोठ्यानं वाचायला लागले. “वाघळी, टाकी. कुंभारदरे, पिठाची गिरणी बंद, दळण येणार. हे कुणी टाकलं, ‘धीऱ्याला अक्कल आणणे’?”

मिटिंग तिथंच झाली म्हणायची. तांबडगावच्या देवळात जाऊन लोकांनी चहा पिला आणि परत आले. हरिबाकाका उतरताना तात्यांच्या शेजारी घुटमळला.

“बाजी. डॉक्टर परत येणार हायत पुढच्या आठवड्यात. आईला न्यायचीय. अ‍ॅपवर टाकू, का तोंडानं सांगितलं तरी चालंल?”

“दोन्ही कर,” तात्या म्हणले.

काकाची पँट अजून तीच होती. डाग गेलेला नव्हता. तो उतरेपर्यंत मी फळी पायानं दाबून धरली.

परतताना मी तात्यांच्या अगदी पायाशी बसलो. आमच्या धक्क्याजवळ पाणी उथळ, तिथं इंजिन अगदी हळू करतात. ओठ हलत होते. आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला तो जप ऐकू आला.

“खांबटाकी. सरूमावशी, फणसाखालचं घर. वाघळी. शिर्क्याची म्हस, उजवं शिंग मोडकं. कुंभारदरे. तितली चिंच उन्हाळ्यात पाण्याभायेर येती, तिला लाँच बांधायची न्हाय. सुमन. माझी बायकू. चहात साखर घालायची न्हाय, गूळ. धीरज.” इथं ते जरा थांबले. “धीरज. आमचा. थोरला आन् धाकला त्योच. ताप आला की तळपाय चोळायचं, काशाच्या वाटीनं. रागावला की बोलायचं न्हाय, जरा येळानं जेवाय हाक मारायची.”

रोज ते स्वतःलाच तपासत होते. काय काय अजून आहे, काय गेलं.

मी त्यांच्या गुडघ्याला डोकं टेकवलं. त्यांना वाटलं मला झोप आली. स्टेअरिंगवरचा एक हात काढून त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवला, तसाच, धक्का येईपर्यंत.

रेवाताईला आता पुण्यात मोठी नोकरी आहे. ती म्हणते, कसलंही काम असो, मी ‘फळी’ आधी टाकते. सरूआजीचा एक डोळा बरा झाला आणि आता ती सगळ्यांच्या लुगड्यांना नावं ठेवते. तात्या अजून पुटपुटतात. मी एकदा म्हटलं, आता कशाला? तर म्हणले, सवय झाली, आन् तू बी ऐकत जा, लाँच तुलाच चालवायचीय, चिंचंचं ध्यानात ठिव.

हे मी तांबडगावच्या धक्क्यावर, बाकड्यावर बसून लिहितोय. डिझेलचे कॅन अजून माझ्या पायाशीच आहेत, लाँचवर चढवायचे राहिलेत. आणि तिकडनं भोंगा वाजतोय.

“ए धीरज! फळी काढतूय बग मी! धीरज!”

तात्या नावानं हाक मारतायत. जातो आता.